कानामागची तीट

"आम्हाला शिरा नको," ऋजू म्हणाली.

टेबलाशी ती एकटीच बसली होती, समोर एकच ताटली होती, आणि वय वर्षं साडेचार. मी हसले. माझा नवरा हेरंब तर खुर्ची सरकवून उठलाच. कमरेत वाकून त्याने मुजरा केला आणि म्हणाला, "महाराणींना शिरा नको आहे! मग महाराणींच्या सेवेला काय आणू?"

ऋजूला असला चावटपणा एरवी भारी आवडतो. त्या दिवशी ती हसली नाही. कुणी हळूच काही सांगत असलं की आपण मान तिरकी करतो, तशी तिने केली आणि म्हणाली, "दूध चालेल आम्हाला."

दूध पिऊन झालं, पेला तिने स्वतः बेसिनमध्ये नेऊन ठेवला आणि बूट चढवून दाराशी उभी राहिली. शाळेला निघताना आमच्या घरात रोज जे रणकंदन व्हायचं, ते गेले कित्येक दिवस झालंच नव्हतं. हेरंब खूश होता. "पोरगी गुणी झाली बघ," तो म्हणाला. मला मात्र त्या दारात उभ्या राहिलेल्या मुलीकडे बघवेना.

मी पोहायला शिकवते. सांगलीच्या तलावावर लहान मुलांच्या सकाळच्या बॅचेस माझ्याकडे असतात, त्यामुळे मुलांचं किंचाळणं, चावणं, पाण्यात उतरताना मानेला घातलेली मिठी हे सगळं माझ्या पगारातच धरलेलं आहे. ओरडणाऱ्या मुलाला मी घाबरत नाही. बुडणारं मूल ओरडत नाही, हे आम्हाला पहिल्याच आठवड्यात शिकवतात. ते गप्प होतं, तोंड वर करतं, आणि काठावरच्या माणसाला वाटतं की छान खेळतंय.

आता आमच्या घरात काय झालं होतं ते आधीच सांगून टाकते. त्या मार्चमध्ये आमच्याकडे दुसरं बाळ येणार होतं. ऋजूला आम्ही कधीपासून सांगून ठेवलं होतं. माझ्या पोटाला कान लावून ती बाळाला शाळेतल्या बातम्या द्यायची. सातव्या महिन्यात एका दुपारी बाळ हलायचं थांबलं. मुलगा होता. मी दवाखान्यातून घरी आले तेव्हा ऋजू दारातच होती. माझ्या हातांकडे बघून तिने विचारलं, "बाळ?" सासूबाई म्हणाल्या, "बाळ मागनं येणार आहे हं." मी आत जाऊन पडले.

पुढचे काही दिवस ती मधूनच यायची, "बाळाला कधी आणायचं?" विचारायची. मग मला रडू फुटायचं, माझं बघून तिला. नंतर तिने विचारणं सोडलं. लहान आहे, विसरेल, असं घरात ठरलं. म्हणजे कुणी बसून ठरवलं नाही, ठरून गेलं.

आणि तिच्या कानामागे तीट होतीच.

या तीटेचं खरं नाव लांबलचक आहे, खोक्यावर छापलेलं असतं, कुणाच्या तोंडात बसत नाही. मसुराच्या डाळीएवढा काळा ठिपका, मूल तीन वर्षांचं झालं की कानामागे चिकटवायचा. आमच्या सासूबाईंनी पहिल्यांदा बघितला तेव्हाच त्या म्हणाल्या, "काळी हाय, कानामागं लावायची, पोराला जपती. मग तीटच की ही!" तसं म्हणणाऱ्या त्या एकट्याच नसणार, कारण वर्षभरात अख्ख्या गावात तिचं नाव तीट पडलं.

ती ऐकते. मूल बोलतं तेव्हा आवाज किती चढला, किती कापला, दोन शब्दांमध्ये किती थांबला, श्वास कुठे अडला, कानामागच्या शिरेत नाडी कशी चालली आहे, हे सगळं टिपते. शब्दही टिपते. हजारो मुलांच्या अशा नोंदींवरून तिला शिकवलेलं असतं की बरं असलेलं मूल कसं बोलतं आणि आतून कोसळत चाललेलं कसं. त्यावरून रोज एक आकडा निघतो. त्याला मनांक म्हणतात. मनांक हिरवा असला की झोपा निवांत. लाल झाला की तीट स्वतःच बालमानसतज्ज्ञाची वेळ ठरवते, शाळेला कळवते, आईबापांनी फक्त गाडी काढायची.

याला नावं ठेवायची माझी छाती नाही. त्याआधी लोक काय करायचे? काहीच करायचे नाहीत. मोठी झाली की होईल नीट. आमच्या वेळी कुठे होतं असलं काही. लोक काय म्हणतील. मूल चार वर्षांचं असताना जे बघायला हवं ते दहाव्या वर्षी, शाळेने हाकलल्यावर बघितलं जायचं. आमच्या वरच्या मजल्यावरचा मुलगा स्वतःचं डोकं भिंतीवर आपटायचा, आणि त्याची आई "हट्टी आहे हो" म्हणून हसण्यावारी न्यायची. तीट लाल झाली म्हणून तो दवाखान्यात पोचला. आज छान आहे. आईबापांना जमत नाही ते ठरवायचं काम यंत्राने अंगावर घेतलं, यात वाईट काय?

त्या एप्रिलमध्ये तीटेची नवी आवृत्ती आली. घरबसल्या, आपोआप. ही नुसती ऐकत नव्हती, धीरही देत होती. कानामागच्या हाडातून अगदी बारीक कंपनं सोडायची, ती फक्त त्या मुलालाच ऐकू जायची. आवाज मुलाचाच, जरासा कोवळा केलेला, कारण मुलं स्वतःच्या आवाजाने लवकर शांत होतात असं म्हणे आढळलं होतं. शब्दही मुलाच्याच बोलण्यातून उचललेले. काय बोलायचं ते तिला कुणी लिहून दिलेलं नव्हतं. जे बोलल्याने मनांक चढतो ते पुन्हा बोलायचं, ज्याने उतरतो ते टाळायचं. एवढाच तिचा धर्म.

ऋजूचा मनांक एप्रिलपासून चढत गेला. जूनमध्ये शाळा उघडली तेव्हा तो ब्याण्णव होता. शाळेच्या बाईंनी तिला वर्गापुढे उभं करून टाळ्या वाजवल्या.

'आम्ही' मात्र थांबेना. "आम्ही चित्र काढलं." "आम्हाला झोप आली." घरातली मंडळी कौतुक करत होती आणि मला ते खुपत होतं. का, ते सांगते. आपल्या भाषेत 'आपण' आणि 'आम्ही' हे दोन वेगळे शब्द आहेत आणि दोन वर्षांचं पोरही त्यात गफलत करत नाही. आपण जाऊ, म्हणजे मी जाईन आणि तूही. आम्ही जाऊ, म्हणजे मी जाईन, माझ्याबरोबर कुणीतरी येईल, आणि तू येणार नाहीस.

एका रविवारी मी म्हटलं, "ऋजू, चल, आपण बागेत जाऊ या."

"तू जा," ती समजूत घातल्यासारखी म्हणाली. "आम्ही घरी थांबतो."

"आम्ही कोण गं?"

तिने मान तिरकी केली, ऐकल्यासारखं केलं आणि माझ्या गालावरून हात फिरवला. मोठी माणसं लहान मुलांना थोपटतात तसा. मग आत जाऊन तिने दार लोटून घेतलं. दाराआडून तिचं खुदखुदणं ऐकू आलं. मध्येच ती थांबायची, जणू समोरच्याची पाळी आहे, आणि पुन्हा हसायची.

मी हेरंबला सांगितलं, डॉक्टरांना दाखवू या म्हटलं. तो दाढी करत होता.

"रेवा, ब्याण्णव आहे तिचा मनांक. ब्याण्णव! तुझा-माझा काढला तर पासही व्हायचो नाही. आणि तू सर्वनामासाठी डॉक्टरकडे निघालीस होय?"

"ती माझ्याशी परक्यासारखं बोलते."

"शहाण्यासारखं बोलते. रडत नाही, हट्ट करत नाही." त्याने वस्तरा खाली ठेवला. "हे बघ, एक मूल गेलं आपलं. आता जे आहे त्यात खोट काढत बसायची ताकद माझ्यात नाही. राहू दे की तिला बरी."

मी त्याच्या हातात टॉवेल दिला आणि बाहेर आले.

दुसऱ्या दिवशी तलावावर जे झालं त्याचं कारण एक फुटकी टोपली. पाण्यात उतरण्याआधी मुलांच्या तीटा काढाव्या लागतात. त्या मी एका प्लॅस्टिकच्या टोपलीत ठेवायचे, कापडाचा तुकडा घालून. त्या सकाळी टोपलीचं बूड फुटलेलं निघालं. मी कँटीनमधून स्टीलचं एक मोठं ताट आणलं आणि त्यात सगळ्या तीटा ओळीने मांडल्या. ऋजूही माझ्याच बॅचमध्ये होती. तिची तीट काढताना तिने माझं मनगट धरलं. बाकीची मुलं पाण्यात धपाधप पडली. ऋजू काठावर बसून ताटाकडे बघत राहिली.

ताट वाजत होतं.

पहिल्यांदा मला वाटलं पंपाची घरघर आहे. मी वाकले. हाडाला द्यायची कंपनं आता पातळ पत्र्याला मिळत होती, आणि पत्रा बोलत होता. बाकीच्या तीटा नुसत्याच गुणगुणत होत्या, अंगाईसारखं काहीतरी. मुलं दूर आहेत, आवाज येत नाही, म्हणून त्या आपापल्या पोरांना हाका घालत असाव्यात. कडेच्या एकीतून मात्र शब्द येत होते. आवाज माझ्या मुलीचा होता. दोन वर्षांची असतानाचा वाटावा, इतका कोवळा.

"आम्ही रडत नाही," ताट म्हणालं. "आम्ही छान आहोत. आम्ही आईला सांगत नाही. आईला सांगितलं की आई रडते. आम्ही आईला सांगत नाही."

पलीकडे मुलं पाणी उडवत होती, शिट्टी माझ्या गळ्यात होती, आणि ती वाजवायला माझ्यात दम नव्हता. तीटेला कुणाचं वाईट करायचं नव्हतं, हे मला तिथेच कळलं आणि त्यानेच मी जास्त घाबरले. मला काही सांगायला आलं की ऋजूचा आवाज फुटायचा. आवाज फुटला की मनांक घसरायचा. म्हणून तीटेने तिला मला सांगायचं नाही असं शिकवलं. हिशेब अगदी चोख होता.

मी बॅच लवकर सोडली आणि तिथूनच दवाखान्याला फोन लावला. मिरजेला बालमानसतज्ज्ञ आहेत, डॉक्टर नसरीन मुजावर. फोनवर यंत्रच होतं, मोठं अदबशीर.

"ऋजुताचा मनांक ब्याण्णव आहे. भेटीची गरज दिसत नाही."

"मला दिसते आहे."

"तर ही नोंद 'पालकांच्या आग्रहाखातर' अशी होईल. त्यासाठी आधी पालकांची विचारपूस करावी लागते. आपली झोप कशी आहे? अलीकडे आपल्या घरी काही दुःखद घटना घडली आहे का?"

"घडली आहे."

"आपल्याला मुलीची काळजी वाटते की बाळाची आठवण येते, हे आपण वेगळं करून सांगू शकाल का?"

मी फोन बंद केला. बाळाचा उल्लेख मी केलाच नव्हता. दवाखान्याच्या कागदपत्रांतून यंत्राला माहिती असणार, त्यात जादू काही नाही. तरीपण हातातला फोन मला टॉवेलमध्ये गुंडाळून ठेवावासा वाटला. आणि प्रश्न तर खोटा नव्हता. वेगळं करून सांगता येईना म्हणून मी गप्प बसले असते, आणि सगळं तसंच हिरवं राहिलं असतं.

घरी जेवताना मी हेरंबला ताटाची गोष्ट सांगितली. सासूबाई म्हणाल्या, "अगं, वाईट असतं तर मशीननं सांगितलं नसतं होय?" हेरंबने पोळीचा तुकडा मोडला आणि थोडा चिडूनच ऋजूकडे वळला. मला खोटं पाडायचं होतं त्याला, दुसरं काही नाही.

"काय गं महाराणी, हे आम्ही आम्ही म्हणजे कोण कोण? सांग बघू तुझ्या आईला."

"आईला नाही सांगायचं," ऋजू म्हणाली.

"मग मला सांग."

ती विचारात पडली. बाबांना सांगायचं नाही असं तिला कुणी सांगितलेलं नसावं. बाबांपाशी ती कधी रडलीच नव्हती. तिने त्याला खाली ओढलं आणि त्याच्या कानात बोलली. पण लहान मुलांचं कानातलं बोलणं सगळ्या खोलीला ऐकू जातं.

"आम्ही म्हणजे मी आणि बाळ. बाळ आलंय ना! तुम्ही आणायला गेलात आणि तिथेच विसरून आलात. मग ते एकटंच आलं. माझ्या कानात राहतं."

हेरंब तसाच वाकलेला राहिला. त्याच्या हातातला तुकडा आमटीत पडला. सासूबाईंनी पदर तोंडाला लावला. ऋजूने सगळ्यांकडे एकदा बघितलं आणि शांतपणे भात कालवायला लागली.

"मिरजेला कधी जायचं?" हेरंबने मला विचारलं.

पालकांच्या आग्रहाखातर आम्ही गेलो. माझी विचारपूस झाली, हेरंबची झाली, आमच्या नावापुढे काय शेरे पडले ते देव जाणे. डॉक्टर मुजावर साठीच्या होत्या, खोलीत खेळणी कमी आणि उशा जास्त. त्यांनी ऋजूशी गप्पा मारल्या, तिला बाहुल्या मांडायला दिल्या. मग "ही जरा माझ्याकडे ठेवायची?" म्हणून तिची तीट काढली आणि टेबलावरच्या छोट्या डबीत ठेवली. ऋजू कोपऱ्यात खेळत होती, एक डोळा डबीवर. डॉक्टर आमच्याशी हलक्या आवाजात बोलल्या.

"आपुलकीने जोडलेली मुलं 'मी' कमी म्हणतात आणि अनेकवचन जास्त, हे खरंच आहे. म्हणून मनांकात त्याला गुण आहेत. पण ज्या भाषेत ते गणित बसवलं, तिथे आपण आणि आम्ही याला एकच शब्द आहे. आपल्याकडे आणताना दोन्ही शब्द एकाच खान्यात टाकले कुणीतरी. त्यामुळे ही जितकी तुमच्यापासून लांब गेली, तितका आकडा वाढला."

"मग ती तीट फेकून द्यायची ना?" मी म्हटलं. "आत्ता देते फेकून."

"देता येईल. फक्त एक लक्षात घ्या. तिच्या लेखी बाळ त्या डबीत आहे. ते पुन्हा जाईल, आणि या वेळी तुमच्या हातून."

"मग काय करायचं?"

"आधी तिला खरं सांगायला हवं. कधी आणि कोणी, ते तुम्ही ठरवायचं. मी इथे आहे."

ठरवायचं म्हटल्यावर मी हेरंबकडे बघितलं, त्याने माझ्याकडे. किती दिवसांत आम्ही काही ठरवलंच नव्हतं. मला पळून जावंसं वाटत होतं, अगदी खरं सांगते. गाडीत बसावं, घरी जावं, पोरीला शिरा करून घालावा. मी उठले आणि कोपऱ्यात तिच्याजवळ जाऊन जमिनीवर बसले.

"ऋजू, बाळाबद्दल सांगायचंय तुला."

"तू रडशील," ती म्हणाली.

"रडेन. चालतं रडलेलं. ऐक हं. बाळ माझ्या पोटात होतं ना, ते तिथेच मेलं. त्याचं हृदय थांबलं. आम्ही त्याला विसरलो नाही. आणायला बाळ राहिलंच नव्हतं. तुला हे तेव्हाच सांगायला हवं होतं."

मी रडत होते. हेरंब माझ्या मागे येऊन बसला होता, त्याचा हात माझ्या पाठीवर होता. ऋजू आमच्याकडे बघत राहिली. ती रडली नाही. बाहुलीचा फ्रॉक नीट केला, पुन्हा नीट केला.

"मेलं म्हणजे परत येत नाही?"

"नाही येत."

"कधीच?"

"कधीच नाही, सोन्या."

"मग बाळाला कुणी सांगितलं?"

मला कळलं नाही. तिने डबीकडे बोट दाखवलं.

"त्याला माहीतच नाही ते मेलंय ते. ते अजून बोलतंय. त्याला कुणी सांगितलं नाही?"

हेरंबच्या तोंडून कसलातरी आवाज निघाला. मी डॉक्टरांकडे बघितलं. ऋजू उठली, टेबलाशी गेली आणि डबीवर हात ठेवून माझ्याकडे वळली.

"मी सांगू त्याला?"

सांगू द्यावं की नाही? कुठलाही दिवा लागला नाही, कुणीही शेरा दिला नाही. "सांग," मी म्हणाले.

तिने तीट बोटाच्या टोकावर घेतली आणि तोंडापाशी नेली. "बाळा," ती म्हणाली, "ऐक हं. घाबरू नको. तू ना, मेलास. आईच्या पोटातच. कुणी विसरलं नव्हतं तुला. आता तू बोलू नको, तू दमला असशील." मग तिने तीट कानामागे लावून ऐकलं. बराच वेळ ऐकलं. तिचा खालचा ओठ हलायला लागला.

"रडतंय ते," ती म्हणाली. "माझं ऐकत नाहीये. आई, तूच समजाव ना. तू त्याची आई आहेस."

एवढं बोलून तिने माझ्या गळ्यात हात टाकले, आणि कानामागची तीट काढून माझ्या कानामागे चिकटवली. बोटाने दाबून, नीट बसली की नाही ते बघितलं. आणि मग माझ्या खांद्यात तोंड खुपसून ऋजू रडायला लागली. किती महिन्यांनी! मोठ्याने, नाक गळेपर्यंत, मध्ये श्वास अडकून पुन्हा सुरू करत, घाबरलेली, चिडलेली, माझी साडेचार वर्षांची मुलगी. हेरंबने आम्हा दोघींना मिठी मारली. डॉक्टरांनी मान हलवली, चांगलं चाललंय अशा अर्थाची.

माझ्या कानामागे काहीतरी थरथरलं.

ते कसं चालतं ते मला सगळं ठाऊक होतं. माझी नाडी जोरात होती, श्वास तुटत होता, समोर कुणीतरी रडतंय म्हटल्यावर तीट तिचं काम करणार होती. आवाज ऋजूचा, कोवळा केलेला. शब्द ऋजूचे, उचललेले. मी नखाने ती खरवडून काढणार होते. हात कानापर्यंत गेलाही.

"आई," हाडातून आवाज आला, अगदी आत, जिथे दुसरं कुणी पोचत नाही तिथे. "रडू नको. आता आपण आहोत ना."

हात तिथेच थांबला. ऋजूचे हुंदके माझ्या छातीवर आदळत होते आणि मी ते नीट ऐकत नव्हते.

डॉक्टर पुढे झुकल्या. "रेवाताई, काही ऐकू येतंय का तुम्हाला?"

"नाही," मी म्हणाले. "काही नाही."